शेवटच्या कडव्यातले नाव: भीमगीतांच्या कॅसेट्स आणि आपण ऐकणारे

मागच्या महिन्यात चळवळीतल्या एका मित्राने फोनवर एक गाणे पाठवले. जुन्या कॅसेटवरून उतरवलेले. सुरुवातीला फितीची खरखर, मग पेटी, मग ढोलकी आणि मग तो पहाडी आवाज. खाली लिहिले होते, ‘दुर्मिळ भीमगीत, कवी अज्ञात, जास्तीत जास्त शेअर करा.’ मी गाणे शेवटपर्यंत ऐकले. शेवटच्या कडव्यात कवीने स्वतःचे नाव गुंफले होते. वामन.

म्हणजे कवी अज्ञात नव्हता. आपण शेवटपर्यंत ऐकले नव्हते. माझ्या मित्राने नाही, त्याला पाठवणाऱ्याने नाही, त्याच्या आधीच्या शंभर जणांनीही नाही. ज्या माणसाने आयुष्यभर गावोगाव फिरून हजारो गाणी बांधली, ज्याला वयात आल्यावर अक्षरओळख झाली आणि तरीही ज्याने आपले नाव प्रत्येक गाण्याच्या शेवटी सांभाळून ठेवले, त्या वामनदादा कर्डकांना त्यांच्याच लोकांनी ‘अज्ञात’ ठरवले. तेही प्रेमाने!

आज जुन्या कॅसेट्स शोधून काढणाऱ्या, त्या संगणकावर उतरवून एकमेकांना पाठवणाऱ्या आपल्या तरुणांची एक फळी तयार झाली आहे. मी स्वतः त्यातला एक आहे. चांगली गोष्ट आहे. पण हे काम करताना आपण कोणत्या इतिहासात हात घालतो आहोत हे समजून घेतले नाही, तर जे प्रस्थापितांनी केले तेच आपण आपल्या शाहिरांचे करू. म्हणून हा लेखप्रपंच.

पहिल्यांदा ‘दुर्मिळ’ या शब्दाकडे पाहू. दुर्मिळ कोणासाठी? जुन्या चित्रपटगीतांच्या तबकड्या जमवणारे शौकीन एकेका तबकडीला चांगली किंमत मोजतात. भीमगीताची कॅसेट भंगारवाल्याकडे प्लॅस्टिकच्या भावात किलोवर जाते. ती कधीच दुर्मिळ नव्हती. ती प्रत्येक वस्तीत होती. तिची नोंद घेणारे कोणी नव्हते, एवढेच. ग्रंथालयात ती गेली नाही, आकाशवाणीच्या संग्रहात गेली नाही, वर्तमानपत्राच्या संगीत-परीक्षणाच्या रकान्यात तर नाहीच नाही. तेव्हा ही दुर्मिळता नैसर्गिक नाही. ती घडवलेली आहे.

कॅसेटच्या आधी काय होते? सत्यशोधकांचा जलसा होता आणि त्याच्या पाठोपाठ, 1930 च्या दशकात, आंबेडकरी जलसा उभा राहिला. नाशिक भागातले भीमराव कर्डक आणि त्यांचे सहकारी हे त्यातले मोठे नाव. तमाशाचा ओळखीचा साचा घ्यायचा आणि आतला मजकूर बदलायचा, ही जलशाची रीत. भीमरावांनी पुढे आंबेडकरी जलशांवर पुस्तकही लिहिले, म्हणून निदान तो काळ कागदावर तरी आहे. (इथे एक सांगून टाकतो. भीमराव कर्डक वेगळे आणि वामनदादा कर्डक वेगळे. दोघेही नाशिक जिल्ह्यातले, आडनाव एक, काम मात्र एकामागच्या एका काळातले. वामनदादांचा जन्म 15 ऑगस्ट 1922 चा, सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचा. या दोघांची सरमिसळ केलेले मजकूर मी इतक्यांदा वाचले आहेत की आता चिडही येत नाही.)

1956 च्या धम्मदीक्षेनंतर जलशाची जागा गायन पार्ट्यांनी घेतली. रात्र-रात्र चालणारे कव्वालीचे सामने, सवाल-जवाब, वस्तीतल्या पटांगणावर अंथरलेली सतरंजी. या सगळ्याचा आधार म्हणजे पेटी, अर्थात हार्मोनियम. आता गंमत पाहा. याच पेटीला आकाशवाणीवर 1940 पासून बंदी होती. हे वाद्य परदेशी आहे, त्यातून भारतीय संगीतातल्या श्रुती निघत नाहीत, असे कारण सांगितले जाई. 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ही बंदी सैल झाली. बंदी काही आपल्याविरुद्ध म्हणून घातलेली नव्हती, हे मान्य. परंतु कोणाच्या कानाला काय शुद्ध वाटते यावरून सरकारी माध्यमाचे दार ठरत होते. त्या दारातून गायन पार्टीने आत जायचे कसे?

दुसरे दार तबकडीचे. तिथे एकाच मोठ्या कंपनीचे राज्य होते. काय छापायचे हे कंपनी ठरवणार. शिवाय जुन्या 78 च्या तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन-साडेतीन मिनिटेच मावत. गायन पार्टीचे गाणे एवढ्यात आटपत नाही. शाहीर आधी दोन शेर म्हणणार, मग मुखडा, मग मध्येच थांबून गावातल्या घटनेवर बोलणार, मग पुन्हा गाणे. तीन मिनिटांत याचा फक्त सांगाडा उरतो. आणि तबकडी वाजवायला ग्रामोफोन लागतो. तो आपल्यापैकी किती घरांत होता?

कॅसेटने ही दोन्ही दारे वळसा घालून मागे टाकली. फिलिप्स कंपनीने ती 1963 साली बाजारात आणली, पण आपल्या वस्त्यांत ती खऱ्या अर्थाने आली ऐंशीच्या दशकात. साठ मिनिटांची कॅसेट म्हणजे एका बाजूला तीस मिनिटे. शाहिराला श्वास घ्यायला जागा मिळाली. ध्वनिमुद्रणाला मोठा स्टुडिओ लागेना, छापायला मोठे भांडवल लागेना. छोट्या-छोट्या कंपन्या निघाल्या. पीटर मॅन्युएल या अभ्यासकाने 1993 साली उत्तर भारतातल्या ‘कॅसेट संस्कृती’वर पुस्तक लिहिले, त्यात त्याने हेच दाखवले आहे की कॅसेटमुळे एका कंपनीची मक्तेदारी मोडली आणि स्थानिक, प्रादेशिक, जातसमूहांच्या संगीताला बाजार मिळाला. महाराष्ट्रात याचे सगळ्यात ठळक उदाहरण भीमगीत आहे असे माझे मत आहे.

पण बाजार म्हणजे कोणता बाजार? इथे आपल्या समाजाने जे केले त्याला तोड नाही. इतरांच्या कॅसेट्स दुकानांतून विकल्या जात. आपल्या कॅसेट्स तारखांवर विकल्या जात. 6 डिसेंबरला चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाला नागपूरची दीक्षाभूमी, 1 जानेवारीला भीमा कोरेगाव, 14 एप्रिलला प्रत्येक शहर, आणि 1994 च्या नामांतरानंतर 14 जानेवारीला औरंगाबादला विद्यापीठाचे गेट. पुस्तके, फोटो, बिल्ले, पंचशील ध्वज आणि शेजारी कॅसेटचा ठेला, त्यावर कर्ण्यातून वाजणारे नवे गाणे. दादरला आलेला माणूस परभणीची कॅसेट घेऊन चंद्रपूरला जायचा. कोणत्याही कंपनीच्या वितरकाला जमले नसते असे हे जाळे होते आणि ते कोणी एकाने उभे केले नव्हते.

आणि कॅसेट गावात पोचली की खरे काम सुरू व्हायचे. दोन कॅसेटचा टेप ज्याच्या घरी, त्याच्या दारात रांग. कोरी कॅसेट आणायची, नाही मिळाली तर जुन्या कॅसेटच्या माथ्यावरच्या तुटलेल्या खाचांवर चिकटपट्टी लावायची म्हणजे तिच्यावर पुन्हा भरता येते. या पद्धतीने किती लग्नाच्या गाण्यांवर आणि किती सिनेमांवर भीमगीते चढली असतील, देव जाणे म्हणवत नाही, पण आपल्या आईबापांना नक्की माहीत आहे. प्रतीवरून प्रत, तिच्यावरून आणखी प्रत. प्रत्येक पिढीत खरखर वाढते, आवाज मागे जातो. आमच्या घरची एक कॅसेट अशी होती की तिच्यात गाण्यापेक्षा खरखर जास्त, तरीही वडील ती रविवारी सकाळी लावायचे. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचे. ‘चोरटी प्रत’ हा शब्द आमच्या घरी कोणी उच्चारला नाही. ती कॅसेट कोणीतरी दिलेली होती आणि पुढे कोणाला तरी द्यायची होती.

याच काळात एक गोष्ट घडली ती समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याने विसरू नये. प्रल्हाद शिंदे यांचा आवाज. पंढरीच्या वाटेवरची त्यांची गाणी महाराष्ट्रभर देवळांत, रसवंतीगृहांत, एसटी स्टँडवर वाजत राहिली, आजही वाजतात. त्याच गळ्याने गायलेली भीमगीते मात्र वस्तीच्या कमानीबाहेर पडली नाहीत. गळा तोच, पेटी तीच. विठ्ठलासाठी गायले की ‘महाराष्ट्राचे लोकप्रिय गायक’, बाबासाहेबांसाठी गायले की ‘त्यांच्याकडचे गायक’. हाच प्रकार आनंद-मिलिंद शिंदे यांच्या वाट्याला आला. लग्नाच्या वरातीत त्यांचे गाणे सगळ्या जातींना चालते. वरात आपल्या वस्तीवरून निघाली आणि भीमगीत लागले की मात्र गावात दगड येतात. कॅसेटने मक्तेदारी मोडली, जात मोडली नाही.

आपल्यातलेच काही शिकलेले मित्र म्हणतात, भीमगीत म्हणजे व्यक्तिपूजा, त्यात विचार कुठे? मला हा आक्षेप उथळ वाटतो. शर्मिला रेगे यांनी 2008 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पॉलिटिकल वीकली’त लिहिलेल्या लेखात दीक्षाभूमी-चैत्यभूमीवरच्या पुस्तिका आणि संगीत यांचा अभ्यास करून या ‘दैवतीकरणा’च्या आरोपाला उत्तर दिले आहे. त्यांचा मुद्दा असा की या पुस्तिका आणि ही गाणी मिळून वेगळे लोकक्षेत्र उभे राहते, जिथे लोक एकत्र येऊन आपला इतिहास आणि आपले प्रश्न मांडतात. मी त्यात वस्तीतला अनुभव जोडतो. माझ्या आजीला महाडच्या सत्याग्रहाचे साल पुस्तकातून कळले नाही. ज्यांना अक्षर नाकारले गेले त्यांच्यासाठी कॅसेट हे ग्रंथालय होते. सगळी गाणी चांगली होती असे मी म्हणत नाही. सिनेमाच्या चालीवर रातोरात पाडलेली, 14 एप्रिलच्या धंद्यासाठी काढलेली टुकार गाणीही भरपूर होती. पण टुकार पुस्तके छापली जातात म्हणून कोणी ग्रंथालय बंद करा म्हणत नाही.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. नावाच्या.

1984 साली कॉपीराइट कायद्यात दुरुस्ती झाली आणि कलम 52 अ आले. कॅसेटवर आणि तिच्या वेष्टनावर तीन गोष्टी छापणे बंधनकारक झाले: ध्वनिमुद्रण करणाऱ्याचे नाव-पत्ता, हक्क ज्याचा आहे त्याचे नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचे साल. नीट वाचा. यात गाणे कोणी लिहिले हे छापलेच पाहिजे असे कुठेही नाही. कंपनी म्हणजे मालक, म्हणून तिचे नाव. गायकाचा चेहरा विकला जातो, म्हणून गायकाचा फोटो. कवी? जागा उरली तर. माझ्याकडच्या कॅसेट्स काढून पाहिल्या तर कित्येकांवर कवीच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलेले आहे. बाबासाहेबांवरचे गाणे पारंपरिक कसे असेल? कोणाची परंपरा? बाईच्या बाबतीत तर आणखी वाईट. अख्खे द्वंद्वगीत म्हटलेल्या बाईचे नाव ‘आणि साथी’ या दोन शब्दांत गडप.

शाहिरांना हे ठाऊक होते असे मला वाटते. म्हणून शेवटच्या कडव्यात नाव. संतांच्या अभंगातून आलेली ही जुनी रीत, पण आपल्या कवींच्या हातात ती मालकी सांगण्याची एकमेव जागा बनली. वेष्टन फाटेल, लेबल निघेल, कंपनी बुडेल, गायक बदलेल. गाण्याच्या आतले नाव कोण काढणार? पण तेही काढले गेले. बाजू संपत आली म्हणून शेवटचे कडवे गाळले गेले. काही गायकांनी कवीच्या नावाच्या जागी स्वतःचे नाव बसवले, मात्रा जुळत असली म्हणजे झाले. आणि आज आपण स्टेटसला तीस सेकंदांचा तुकडा ठेवतो तेव्हा कोणते कडवे ठेवतो? पहिले.

आमच्या भागात गेली काही वर्षे पौर्णिमेला विहारात वंदना झाल्यावर आम्ही एक जुनी कॅसेट लावतो. पंधरा-वीस माणसे असतात. ज्याच्या घरी सापडेल त्याने आणायची. डोक्यावर खडी पडल्यासारखा आवाज आला तर कापसाला स्पिरिट लावून टेपचे हेड पुसायचे आणि पुन्हा लावायचे. एकदा एका गाण्याचे शेवटचे कडवे अर्धवट तुटले, बाजू संपली. मागे भिंतीला टेकून बसलेल्या, आयुष्यभर धुणीभांडी केलेल्या एका आजीने ते कडवे पुढे पूर्ण केले, नावासकट. चाळीसेक वर्षांपूर्वी तिच्या माहेरच्या वस्तीत तो कवी स्वतः येऊन गायला होता. कोणत्या विद्यापीठात ही नोंद मिळेल? त्या दिवसापासून आम्ही कॅसेट वाजवताना फोनवर माणसांचे बोलणेही मुद्रित करतो.

सगळेच असे गोड नाही. शेजारच्या वस्तीत एक काका आहेत, निवृत्त सफाई कामगार. त्यांच्याकडे दोन पत्र्याच्या पेट्या भरून कॅसेट्स आहेत, प्रत्येकीवर निळ्या शाईने तारीख आणि ठिकाण. ते कोणाला हात लावू देत नाहीत. मी तीन वेळा गेलो. तिसऱ्या वेळी त्यांनी कारण सांगितले. काही वर्षांपूर्वी एका तरुणाने अशाच कॅसेट्स नेल्या, उतरवल्या, स्वतःचे बोधचिन्ह लावून इंटरनेटवर चढवल्या, जाहिरातीचे पैसे घेतले. कवीचे नाव नाही, काकांचे नाव नाही, आणि कॅसेट्सही परत नाहीत. ‘बाळा, कंपनीवाला तरी परका होता,’ काका म्हणाले. मला उत्तर देता आले नाही. शेअर करणे म्हणजे आपोआप चळवळ, असे आपण समजतो. काकांच्या पेटीला लावलेले कुलूप या समजुतीला दिलेले उत्तर आहे.

कायद्याचे काय, असाही प्रश्न येतो. प्रामाणिकपणे सांगायचे तर कायदा पूर्णपणे आपल्या बाजूने नाही. ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षे चालतो. म्हणजे 1985 ची कॅसेट 2045 संपेपर्यंत कंपनीची. ती कंपनी आज अस्तित्वात नाही, तिचा पत्ता असलेल्या गाळ्यात मोबाइल दुरुस्तीचे दुकान आहे, आणि फितीवर पांढरी बुरशी चढली आहे. 2045 पर्यंत थांबायचे तर वाजवायला काय उरेल? पण याच कायद्यात कलम 57 आहे, ते आपण वाचत नाही. हक्क विकला तरी ‘हे मी लिहिले’ म्हणण्याचा कवीचा अधिकार शाबूत राहतो. आणि 2012 च्या दुरुस्तीने ध्वनिमुद्रणातल्या गीतकाराला मानधनातला वाटा मिळण्याचा हक्क आला. वामनदादा 15 मे 2004 रोजी गेले होते. आठ वर्षे उशीर.

नोंद कशी ठेवायची याचा एक नमुना महाराष्ट्रातच आहे. गी पॉइतवँ आणि हेमा राईरकर यांनी जात्यावरच्या एक लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, हजाराहून जास्त गावांतून. त्यात बाबासाहेबांवरच्या ओव्याही आहेत. माजलगावच्या राधाबाई बोऱ्हाडे यांच्या ओव्या आज नाव-गावासकट ऐकायला मिळतात. दळणाऱ्या बाईच्या ओवीला नाव मिळू शकते, तर छापील कॅसेटवरच्या शाहिराला का नाही?

नाव आणि आवाज सोबत राहिले नाहीत तर काय होते ते विलास घोगरे यांच्याकडे पाहून कळते. 11 जुलै 1997 ला घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांनी गोळीबार केला, दहा माणसे मारली गेली. चार दिवसांनी, 15 जुलैला, घोगरेंनी आपल्या झोपडीत जीव दिला. आज त्यांचा आवाज तुमच्या-माझ्यापर्यंत येतो तो मुख्यतः आनंद पटवर्धन यांच्या चित्रपटांमुळे, ‘हमारा शहर’ आणि पुढे ‘जयभीम कॉम्रेड’. एका शाहिरापाशी कॅमेरा पोचला. ज्यांच्यापाशी पोचला नाही, त्यांची एखादी कॅसेट कुठल्या तरी माळ्यावर पडून आहे, आणि पावसाळा दरवर्षी येतो.

म्हणून आमच्या गटाने स्वतःपुरता एक नियम केला आहे. कॅसेट ज्याची, त्याच्याच घरी त्याच्यासमोर उतरवायची. मूळ कॅसेट हलवायची नाही. गाणे तुकड्यात पाठवायचे नाही, पूर्ण बाजू एकसलग ठेवायची. वेष्टनाचा दोन्ही बाजूंनी फोटो. कवी, गायक, साथीच्या बायका, वादक, कंपनी, गाव, कोणाच्या घरी सापडली, सगळे लिहायचे. जे कळले नाही तिथे ‘पारंपरिक’ किंवा ‘अज्ञात’ लिहायचे नाही, ‘शोध चालू’ लिहायचे. कवीचे घर सापडले तर आधी तिथे जायचे, परवानगी मागायची. दोन ठिकाणी गेलो. एका घरी कवीच्या मुलीने आमच्या फोनवर बापाचे गाणे पहिल्यांदाच ऐकले. तिच्याकडे त्यांची एकही कॅसेट नव्हती.

हा नियम घेऊन मी काकांकडे चौथ्यांदा गेलो. पेटी उघडली नाही, पण त्यांनी खिशातून एक कॅसेट काढून टेपात घातली. वेष्टन नाही, लेबलवर फक्त ‘भीम 3, नांदेड’. ब बाजूचे दुसरे गाणे एका बाईचे आहे, सोबत फक्त ढोलकी आणि टाळ. नामांतराच्या लढ्यात गेलेल्या पोरांवरचे. आवाज थोडा घोगरा, वरच्या पट्टीत जाताना फाटतो आणि ती तो फाटू देते. शेवटचे कडवे सुरू होते, नाव यायच्या जागी फीत गुरगुरते आणि दोन शब्द गिळले जातात. आम्ही सहा वेळा मागे घेऊन ऐकले. काकांना पहिले अक्षर ‘सु’ वाटते, मला ‘शो’. येत्या पौर्णिमेला काका ती कॅसेट स्वतः घेऊन विहारात येणार आहेत. नांदेडकडच्या कोणी हे गाणे प्रत्यक्ष ऐकले असेल तर कळवावे.

जयभीम.